सोप्यासाठी कापड निवडताना: सातारा-सांगलीच्या ऊन-पावसात टिकेल अशी सजावट

सांगलीत घर बांधून झाल्यावर पहिल्याच पाडव्याला आम्ही पुढच्या सोप्यातील, म्हणजे ओसरीतील, झोपाळ्यासाठी मरून रंगाच्या जाड सुती कापडाची गादी आणि सहा उशांचे अभ्रे शिवून घेतले. कापड हाताला भारी लागत होते, आणि दुकानदाराने ‘हे बाहेर बिनधास्त चालते, वॉटरप्रूफ आहे’ असे सांगितल्यामुळे दरही मुकाट्याने दिला होता. मे संपेपर्यंत गादीच्या उघड्या बाजूचा रंग विटून गाजरासारखा झाला, उशीखाली झाकलेला चौकोन मात्र मरूनच राहिला. पुढे गणपतीच्या आधी सफाईसाठी गादी उलटली, तेव्हा खालच्या बाजूला बुरशीचे काळे ठिपके पडलेले होते आणि कुबट वास दोन धुण्यांनंतरही गेला नाही. ऊन आणि ओल हे आपल्या भागातील दोन वेगळे शत्रू आहेत आणि एकाला पुरून उरणारे कापड दुसऱ्यापुढे टिकेलच असे नाही, हा धडा त्या गादीने दिला.

नव्याने सजावट करणाऱ्यांनी म्हणूनच आधी एक वाटणी मनाशी पक्की करावी. सोप्यातील काही कापड बारमाही असते: बैठकीची गादी, झोपाळ्याचे आवरण, उन्हाचा पडदा. काही कापड सणापुरते असते: तोरण, झालर, उशांचे अभ्रे, चौरंगावरचे वस्त्र. बारमाही कापड थोडे, साध्या रंगाचे आणि परवडेल तितके उत्तम घ्यावे. सणाचे कापड हवे तितके रंगीत आणि स्वस्त घ्यावे, पण सण उरकला की ते घरात जाणार हे गृहीत धरावे. बहुतेकांचा खर्च नेमका याच्या उलट होतो.

पहिली पायरी: जागा मोजणे

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या सोप्यात ऊन कुठपर्यंत येते आणि पावसाची झड कुठपर्यंत पोहोचते, हे प्रत्यक्ष पाहावे. उन्हासाठी सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजता उन्हाच्या कडेवर खडूने रेघ ओढली की पुरते. ही पाहणी मात्र एप्रिलमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा अशी दोनदा करावी. सांगली सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या सोप्यात त्या वेळी ऊन फारसे शिरत नाही. डिसेंबरच्या शेवटी मात्र तोच सूर्य दुपारी दक्षिणेला सुमारे ५० अंशांवर असतो. छत आठ फूट उंचीवर असेल तर ऊन साडेसहा-सात फूट आत येते. आपला सोपा दक्षिणमुखी असेल तर कापड विटते ते उन्हाळ्यात नव्हे, थंडीत, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या सोप्याची गोष्ट सर्वांत अवघड, कारण उन्हाळ्यात दुपारचे तिरपे ऊन तिथेच येते आणि जूनपासून वाऱ्याबरोबर येणारी झडही तिथेच बसते. पूर्वाभिमुख सोपा नैर्ऋत्य मोसमी पावसापासून पुष्कळसा आडोशाला असतो. वळवाचा मात्र कोणत्याच दिशेने भरवसा नसतो.

झडीसाठी खडू कामाचा नाही. पहिला जोरदार पाऊस थांबल्यावर कडेपासून किती फरशा ओल्या झाल्या, त्या मोजाव्यात. साधारणपणे तीन पट्टे दिसतात. पागोळ्यांचे पाणी थेट पडते किंवा उडते तो पहिला पट्टा. फरशी ओली होत नाही पण दमट राहते तो दुसरा. आणि भिंतीलगतचा कोरडा भाग तिसरा. पहिल्या पट्ट्यात सुती वस्तू ठेवायचीच नाही आणि तिसऱ्यात घरातले बहुतेक कापड चालते. सगळी निवड करायची ती मधल्या पट्ट्यासाठी.

आपले गाव कुठे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. सांगलीकडे शिराळा ओलाचिंब, तर जत-आटपाडी कोरडे. पाटण किंवा जावळीच्या बाजूला राहणाऱ्याने ओलीचा विचार आधी करावा, जतच्या रहिवाशाने उन्हाचा. एकाच दुकानातले एकच कापड दोघांना सारखे लाभेल असे समजू नये.

दुसरी पायरी: तंतूंची ओळख

कापडाचे सौंदर्य विणीत आणि रंगात असते, टिकाऊपणा मात्र पुष्कळसा तंतूत असतो. सुती कापड स्पर्शाला सर्वांत सुखाचे, पण साधारण दमट हवेत कोरडा दिसणारा कापूसही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून असतो. तागाचे, म्हणजे गोणपाटाच्या जातीचे कापड त्याहून अधिक, जवळपास १४ टक्के धरते. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ काहीच नाही. बुरशीला ओल हवी आणि खाद्य हवे. सुती कापडात दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात. कृत्रिम कापडाला बुरशी लागतच नाही असे मात्र नाही. त्यावर साचलेली धूळ, तेलकट हात आणि सांडलेला चहा हे तिचे खाद्य होते, आणि म्हणून स्वच्छ ठेवलेले स्वस्त पॉलिएस्टर मळलेल्या महागड्या कापडापेक्षा अधिक दिवस चांगले दिसते.

उन्हाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. अतिनील किरण आधी रंग मोडतात आणि मग तंतू. शेताच्या बांधावर पडलेले खताचे रिकामे पोते एक-दोन उन्हाळ्यांनंतर उचलायला गेले की हातात चुरा होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते पोते पॉलिप्रॉपिलीनचेच असते. त्याच पदार्थाच्या धाग्यात ऊन सोसणारे रसायन मिसळलेले असेल तर त्यापासून बाहेरच्या सतरंज्या आणि चटया उत्तम होतात, आणि मिसळलेले नसेल तर पोत्याची गत होते. म्हणून अशी चटई घेताना ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असे लेबलवर लिहिले आहे का, हे विचारण्यापेक्षा वाचावे.

बाहेरच्या कापडात सर्वांत वरचा मान द्रावणात रंगवलेल्या ॲक्रिलिकला दिला जातो. अमेरिकेतील ग्लेन रेव्हन या कंपनीने १९६१ मध्ये सनब्रेला या नावाने असे कापड प्रथम दुकानांवरच्या छपरांसाठी आणले. यात धागा काढण्याआधीच द्रवरूप कच्च्या मालात रंग मिसळतात. नेहमीच्या रंगवलेल्या कापडाशी त्याची तुलना करायची तर हळकुंड आणि जेवणानंतरची रंगीत बडीशेप डोळ्यांपुढे आणावी. हळकुंड कुठेही मोडले तरी आत तोच पिवळा रंग असतो. बडीशेपेची गुलाबी साखर विरघळली की आतला दाणा उघडा पडतो. पहिले कापड वर्षानुवर्षे रंग राखते, पण त्याची किंमत साध्या पॉलिएस्टरच्या कैकपट असते. सगळा सोपा त्यात मढवण्याची गरज नाही. उघड्यावरच्या एका गादीपुरते ते घेतले तर पैसे वसूल होतात. कोरड्या पट्ट्यातील उशांना ते घालणे म्हणजे निव्वळ हौस.

मधला मार्ग म्हणजे द्रावणात रंगवलेले किंवा ऊन सोसण्याची प्रक्रिया केलेले पॉलिएस्टर. सर्वसाधारण घराला हे पुरते. रेक्झिनबद्दल माझे मत फारसे चांगले नाही: पाणी आत जात नाही हे खरे, पण एप्रिलच्या दुपारी त्यावर बसवत नाही, घाम धरतो आणि काही उन्हाळ्यांनंतर त्याला भेगा पडतात.

आपल्याकडचे एक कापड मात्र या यादीत हमखास विसरले जाते, ते म्हणजे घोंगडी. माणदेशातील मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या तिची खोळ करून पावसात उभे राहिले आहेत. मेंढीच्या नैसर्गिक काळ्या लोकरीची, न रंगवलेली घोंगडी असेल तर धुण्यात किंवा पावसात रंग सुटण्याचा प्रश्नच येत नाही, दमट झाली तरी ती ऊब धरते आणि ठिणगी पडली तर सहजी पेट घेत नाही. ती टोचते, हा तिचा दोष. त्यावर पातळ सुती चादर टाकली की तोही जातो. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते, हा दुसरा दोष, त्याकडे शेवटी येऊ.

तिसरी पायरी: दुकानात आणि घरी करायच्या परीक्षा

दुकानदाराचे शब्द ऐकून घ्यावेत, पण प्रत्येक कापडाचा वीतभर तुकडा मागून घरी आणावा. ठोकळ चौकशीसाठी पुढील गोष्टी पुरतात आणि त्यांना घरातल्या वस्तूंखेरीज काही लागत नाही.

आधी कापड उलटून पाहावे. वरची आणि खालची बाजू सारख्याच गडद रंगाची असेल तर कापड किंवा त्याचा धागा रंगवलेला आहे. मागची बाजू फिकट असेल तर नक्षी वरून छापलेली आहे, आणि छापील नक्षी उन्हात प्रथम विटते. मग एक धागा ओढून काढावा, पीळ उलगडून आतले तंतू पाहावेत. गाभ्यात पांढरट दिसले तर रंग वरवरचा आहे. त्यानंतर पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा-बारा वेळा जोर देऊन घासावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड चुन्याच्या भिंतीजवळ कधीही टांगू नये, कारण पावसात त्याचे ओघळ भिंतीवर कायमचे राहतील.

तंतू ओळखण्यासाठी धागा जाळून पाहण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. मोरीत किंवा सिंकवर, चिमट्यात धरूनच हे करावे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख ठेवतो. पॉलिएस्टर आधी आक्रसते, वितळते आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. लोकर केस जळल्याच्या वासाने ओळखू येते आणि ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. राखही आहे आणि मणीही आहे, तर ते मिश्रण. ‘शंभर टक्के सुती’ म्हणून विकलेल्या तुकड्याचा मणी मी दोनदा पाहिला आहे. पॉलिप्रॉपिलीनची ओळख त्याहून सोपी: धागा पाण्यात बुडवून बोटांनी चोळून त्यातली हवा काढावी आणि सोडावा. तो पुन्हा तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण ते पाण्यापेक्षा हलके असते. सूत आणि पॉलिएस्टर बुडतात.

पाण्याच्या परीक्षेत ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाची सर्वाधिक गफलत होते. कापडावर चमचाभर पाणी ओतले आणि थेंब मोत्यासारखे उभे राहिले, म्हणजे ते पाणी झटकणारे आहे. पाणी अडवणारे आहेच असे नाही. त्याच थेंबावर अंगठा दाबून घासावे आणि मागची बाजू पाहावी. ओल आली तर कापडावर फक्त वरून फवाऱ्याचा लेप आहे, तो काही धुण्यांत आणि एखाद्या उन्हाळ्यात क्षीण होतो. मागची बाजू कोरडीच राहिली तर बहुधा आतून प्लास्टिकचा किंवा रबराचा थर दिलेला आहे. ताणून बांधायच्या कापडी छतासाठी आणि पडद्याच्या खालच्या भागासाठी तो उत्तम. गादीसाठी मात्र तो थर घातक ठरतो, कारण शिवणीतून आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. माझ्या मरून गादीचे नेमके हेच झाले होते: मागे थर होता, पाणी शिवणीतून शिरले आणि आत कापूस भिजत राहिला. बैठकीसाठी पाणी झटकणारे पण हवा जाऊ देणारे कापडच घ्यावे.

वजनासाठी दुकानात ‘जीएसएम’ हा आकडा सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. तो पडताळायचा तर १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून लहान डिजिटल काट्यावर ठेवावा आणि येणाऱ्या ग्रॅमला १०० ने गुणावे. तुकडा अडीच ग्रॅम भरला तर कापड २५० जीएसएमचे. पडद्याला १५० ते २२० पुरते, बैठकीच्या गादीला २५० च्या पुढचे घ्यावे, आणि ताणून बांधायच्या छताला ३०० च्या आसपास. काही कापडांवर प्रकाशात रंग टिकण्याचा १ ते ८ असा अंकही दिलेला असतो. ८ म्हणजे सर्वांत पक्का रंग. उघड्यावर ७ च्या खाली जाऊ नये.

सगळ्यांत विश्वासाची परीक्षा मात्र उन्हाचीच, आणि तिला पंचांगाचा मुहूर्तही सोयीचा आहे. होळीपासून पाडव्यापर्यंतचे पंधरा दिवस आपल्याकडचे ऊन कडक आणि आकाश बहुधा निरभ्र असते. गेल्या वेळी मी चार तुकडे एका फळीवर ओळीने ठोकले, प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर जाड पुठ्ठा बसवला आणि फळी गच्चीवर दक्षिणेकडे तिरपी टेकवून ठेवली. पाडव्याच्या आदल्या दिवशी पुठ्ठा काढला तेव्हा राणी रंगाच्या छापील सुती तुकड्यावर जणू पट्टी धरून रेघ मारावी तशी सीमा उमटली होती. निळ्या पॉलिएस्टरवर ती डोळे बारीक केल्यावर दिसत होती, आणि खाकी ॲक्रिलिकवर बोट ठेवून ‘इथे’ म्हणावे अशी जागाच सापडली नाही. चौथा तुकडा न रंगवलेल्या जाड कॅनव्हासचा होता. तो उलट थोडा उजळला.

चौथी पायरी: माप आणि पन्हा

कापडाचा हिशेब मीटरवर नव्हे, पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर बसतो, आणि नवख्यांची चूक इथेच होते. समजा सोप्याची उघडी बाजू १० फूट रुंद आहे आणि पडदा ७ फूट लांब हवा आहे. पडद्याला चुण्या चांगल्या पडायच्या तर रुंदीच्या दीडपट कापड लागते, म्हणजे १२० इंचांचे १८० इंच. कापडाचा पन्हा ५४ इंच असेल तर १८० ला ५४ ने भागून ३.३३ येतात, म्हणजे चार पट्टे घ्यावे लागतात. प्रत्येक पट्ट्याची लांबी ८४ इंच अधिक वरच्या-खालच्या दुमडीसाठी १२ इंच, एकूण ९६ इंच, म्हणजे सुमारे २.४४ मीटर. चार पट्ट्यांचे पावणेदहा मीटर होतात. दहा मीटर घ्यावे. ४४ इंच पन्ह्याचे कापड मीटरला स्वस्त दिसते, पण त्याचे पाच पट्टे लागतात आणि सव्वाबारा मीटर कापड जाते, तेव्हा स्वस्ताई कापडाच्या दुकानातच राहते. सुती कापड असेल तर शिवण्याआधी भिजवून आटवून घ्यावे. पडद्याची खालची कड फरशीपासून निदान दोन इंच वर ठेवावी, नाहीतर ती पाणी शोषून वर चढवते.

पाचवी पायरी: शिवण आणि भरण

आमच्या गल्लीतील गादीवाले चाचा उसवलेली गादी हातात घेऊन म्हणाले होते, ‘वहिनी, कापडाला काही झालेलं नाही, दोरा मेलाय.’ बाहेरच्या कापडाला सुती दोरा कधीही वापरू देऊ नये. तो ओलीने आणि उन्हाने कापडाच्या आधी कुजतो. जाड पॉलिएस्टर दोरा स्वतः विकत घेऊन शिंप्याकडे द्यावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. चेन प्लास्टिकची घ्यावी, पडद्याच्या रिंगा पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या. साध्या लोखंडी रिंगांचा गंज एका पावसाळ्यात कापडावर तांबडे डाग पाडतो आणि ते डाग निघत नाहीत.

भरणासाठी कापूस सोप्यात वापरू नये. साधा फोमही पाणी धरतो. मोठ्या छिद्रांचा, पाणी निथळू देणारा फोम मिळाला तर उत्तम. तो नाही मिळाला तर पॉलिएस्टरचा कृत्रिम कापूस भरावा, तो पिळून वाळवता येतो. गादीच्या खालच्या बाजूला चार कोपऱ्यांत जाळीचे लहान तुकडे बसवून घेतले, तर आत गेलेले पाणी बाहेर पडते. शिंपी आधी नाके मुरडतील, तरी आग्रह धरावा.

सहावी पायरी: ऋतूप्रमाणे मांडणी

पाडव्याच्या गुढीला वाटेल ते जरीचे वस्त्र लावावे. ती सकाळी उभी राहते आणि सूर्यास्ताला उतरते, त्यामुळे टिकाऊपणाची चिंता तिला लागू नाही. खरा उन्हाळ्याचा बंदोबस्त त्यानंतर करायचा असतो. तासगाव, कवठेमहांकाळकडे बेदाण्याच्या शेडना लावलेली शेडनेट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे काम वेगळे सांगायला नको: ऊन अडते, वारा जातो. सोप्याच्या पश्चिम बाजूला ५० ते ७५ टक्के ऊन अडवणारी नेट पुरते; ९० टक्क्यांची लावली तर दुपारीच दिवा लावावा लागतो. हिरवी नेट शेतात शोभते, घरात मात्र बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर हिरवट छाया पाडते, म्हणून मातकट किंवा बदामी रंगाची शोधावी. तिच्या आतल्या बाजूला पातळ पांढरा सुती पडदा सोडला की ती नेट आहे हे जाणवतही नाही. मिरजेच्या पूर्वेकडे हवा कोरडी असल्याने वाळ्याचा पडदा भिजवून लावला तर गारवा खरोखर येतो, कारण पाणी भराभर उडून जाते. हवा दमट झाली की हा उपाय फक्त सुवास देतो.

मे महिन्यातील वळवाची वावटळ हा सजावटीचा सर्वांत मोठा वैरी. घट्ट विणीचे कापड चारही कोपऱ्यांनी आवळून बांधले तर त्याचे शीड होते आणि खुंटीसकट उपटते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. साताऱ्याच्या डोंगरकडेला राहणाऱ्यांनी तर छताचे कापड एका बाजूला लवकर सुटणाऱ्या गाठीने किंवा हुकानेच अडकवावे.

जून लागण्यापूर्वी सोपा रिकामा करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. बारमाही गादी, पॉलिप्रॉपिलीनची सतरंजी आणि झडीच्या बाजूला थर दिलेला पडदा एवढेच ठेवावे, बाकी सर्व आत न्यावे. पडदा दिवसा गुंडाळून बांधला असेल तर तो ओला गुंडाळलेला राहू नये. रात्रीतून आत बुरशी धरते. सांगलीत कृष्णेच्या पुराचे पाणी ज्या वस्त्यांत शिरते, त्यांनी २०१९ चा ऑगस्ट आठवावा आणि सगळे कापड हुकावर, दहा मिनिटांत उतरेल असेच लावावे.

गणपती येतात तेव्हा पाऊस गेलेला नसतो, आणि सजावटीचा मोह तर सर्वांत मोठा असतो. दहा दिवसांसाठी पॉलिएस्टर साटीनची झालर आणि पडदे पुरेसे आहेत. भिजले तरी तासाभरात वाळतात आणि रंग सहसा सोडत नाहीत. क्रेप कागद आणि कच्च्या रंगाचे लाल सुती कापड मात्र सोप्यात लावू नये. शेजारच्या एका घरी अशा झालरीचा गुलाबी ओघळ पांढऱ्या फरशीच्या सांध्यात उतरला तो दिवाळीपर्यंत घासला जात होता. खणाचे तोरण करायचे असेल तर ते कोरड्या पट्ट्यात, दाराच्या चौकटीवर लावावे.

दिवाळीत प्रश्न पाण्याचा राहत नाही, आगीचा येतो. सुती कापड पेटते आणि भडकते, कृत्रिम कापड वितळून त्याचे जळते थेंब खाली पडतात. यात कमी वाईट कोणते हे ठरवत बसू नये. पणत्यांच्या ओळीपासून लोंबणारे प्रत्येक कापड निदान तीन फूट दूर असावे आणि वाऱ्याने हलून ते किती पुढे येते, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे. कठड्यावर पणत्या मांडायच्या असतील तर त्या बाजूचे पडदे त्या चार दिवसांपुरते काढूनच ठेवावेत.

थंडी हा सोप्याचा खरा मोसम. पाऊस नाही, वारा कमी, संध्याकाळी बसायला माणसे असतात. बैठकीवर घोंगडी, तिच्यावर सोलापुरी चादर आणि गडद रंगाचे अभ्रे, इतकी मांडणी पुरते. संक्रांतीच्या सुमारास काळ्या कापडाचा एखादा तक्क्या ठेवला तर प्रसंगालाही धरून होते. एकच काळजी घ्यावी: साताऱ्याकडे पहाटे दव पडते, आणि उघड्यावर राहिलेली सुती चादर सकाळी पिळता येईल इतकी ओली मिळते. रात्री ती आत न्यावी.

धुणे आणि ठेवणे

आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने धूळ झाडली तर निम्मे काम होते. ओल्या धुळीचा चिखल होतो, म्हणून झाडण्याआधी पाणी मारू नये. धुताना कोमट किंवा थंड पाणी आणि सौम्य साबण घ्यावा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे आणि सावलीत, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे वाळवावे. द्रावणात रंगवलेल्या ॲक्रिलिकवर बुरशी आलीच तर पाण्यात थोडे ब्लीच मिसळून ती काढता येते; लोकरीवर आणि रंगीत सुती कापडावर ब्लीच चुकूनही टाकू नये. पॉलिप्रॉपिलीनवर इस्त्री फिरवू नये, ते सुमारे १६५ अंश सेल्सिअसलाच वितळते. पाणी झटकण्याचा गुण कमी झाला असे थेंबाच्या परीक्षेत दिसले, तर त्यासाठीचा फवारा बाजारात मिळतो. तो धुऊन पूर्ण वाळवलेल्या कापडावरच मारावा.

पावसाळ्यासाठी कापड ठेवायचे ते मे महिन्याच्या शेवटच्या कोरड्या आठवड्यात. ढग दाटल्यावर घाईने घडी घातलेल्या कापडात ओल राहतेच. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीपेक्षा जुन्या सुती साडीचे गाठोडे बरे, आणि ते जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून न ठेवता फळीवर ठेवावे. घोंगडी रिठ्याच्या पाण्यात धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी आणि श्रावणात एखादे ऊन पडले की बाहेर काढून झटकावी. कसर झटकल्याशिवाय दिसत नाही. प्रत्येक गाठोड्याला कापडाच्या नावाची, पन्ह्याची आणि उरलेल्या तुकड्याच्या मापाची चिठ्ठी टाचून ठेवली, तर पुढच्या पाडव्याला एखादा अभ्रा फाटलेला निघाला तरी त्याच कापडाचे ठिगळ घरातच सापडते.